किमान दहा अक्षरे

नाकारलेल्या फॉर्मांच्या यादीत त्या सकाळी एकाच माणसाच्या लागोपाठ तीन ओळी होत्या. पहिली 5.52 ची. रजेचा प्रकार: किरकोळ. दिवस: 1. कारण: ‘आई गेली’. त्याखाली आमच्या सिस्टीमने लाल अक्षरांत दिलेलं उत्तर: ‘कारण किमान 10 अक्षरांचे असावे.’ 5.53 ला दुसरी ओळ, ‘आई गेली.’ म्हणजे एक टिंब वाढलेलं. पुन्हा तेच लाल उत्तर. मग दोन टिंबं, ‘आई गेली..’ आणि पुन्हा लाल. चौथी ओळ या यादीत नव्हती. ती 5.54 ला दाखल झालेल्या अर्जांच्या टेबलात जाऊन बसली होती, तीन टिंबांसकट.

सिस्टीम नवी होती. लोक नेमके कुठे अडतात ते कळावं म्हणून पहिले काही महिने मी नाकारलेले फॉर्मही साठवत होते आणि रोज सकाळी चहाबरोबर ती यादी चाळत होते. एरवी त्यात करमणूकच असायची. कुणी रजा संपायची तारीख सुरू व्हायच्या आधीची टाकलेली, कुणी दिवसांच्या खान्यात स्वतःचा मोबाइल नंबर लिहिलेला. त्या दिवशी चहा निवला. मी फक्त ती चौथी ओळ पाहिली असती तर मला ती तीन टिंबं कथेतल्यासारखी वाटली असती: बोलता बोलता आवाज बसला, पुढचं सांगवेना, म्हणून टिंबं. पण एकेक टिंब कुठून आलं ते माझ्यासमोर वेळेसकट लिहिलेलं होतं. ‘आई गेली’ची अक्षरं संगणक मोजतो तशी मोजली, आ, ई, मधली मोकळी जागा, ग, त्याची मात्रा, ल, त्याची वेलांटी, तर ती सात भरतात. दहाला तीन कमी. तो माणूस पहाटे, बहुधा दारात जमलेल्या लोकांतून जरा बाजूला होऊन, एकेक टिंब टाकत बटण दाबून बघत होता.

ती अट मीच लिहिली होती.

भोसरी एमआयडीसीतला एक मध्यम आकाराचा वर्कशॉप. गाड्यांचे शाफ्ट टर्न करून द्यायचं काम, तीन पाळ्या, दीडशेच्या आसपास माणसं, गुरुवारी सुट्टी. 2019 साली तिथल्या रजांचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला ते चार दिवसांचं वाटलं होतं. वेबवर चालणारी एक साधी सिस्टीम: माणूस फोनवरून अर्ज टाकणार, सुपरवायझर हो किंवा नाही म्हणणार, शिल्लक आपोआप कमी होणार. लारावेलमध्ये, म्हणजे वेबची कामं बांधायच्या तयार चौकटीत, चार टेबलं आणि सहा पानं. मी तेवढ्याचाच भाव सांगितला, आणि तो माझ्याकडून व्यवहारातला शेवटचा भोळेपणा असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. (नव्हता.)

टाइम ऑफिस म्हणजे गेटच्या आत डाव्या हाताला जाळीची खिडकी असलेली खोली. आत टेबलफॅनची घरघर, बाहेरून येणारा कूलंटचा आंबूस वास, आणि टेबलावर पसरलेलं हजेरीचं मस्टर. ते सांभाळणाऱ्या टाइमकीपरना मालकापासून हेल्परपर्यंत सगळे काका म्हणायचे. काकांच्या मागे भिंतीला तारेचा एक सुळका होता. रजेचे अर्ज त्यात खोचलेले असायचे. चलनाच्या पाठीवर, जॉब कार्डाच्या फाटक्या अर्ध्यावर, क्वचित चौकोनी वहीच्या कागदावर. मी ते सगळे एका दुपारी उतरवून घेतले, कारण मला कारणांची यादी करायची होती, ड्रॉपडाउनसाठी. ‘मेव्हण्याची सोयरीक आहे.’ ‘बोअर मारायची गाडी मिळाली आहे, आज गेलो नाही तर पुढे सरकेल.’ ‘भावांची वाटणी, तलाठ्याकडे सह्या.’ ‘म्हैस अडली आहे.’ बिहारच्या पोरांचे हिंदीतले अर्ज, दिवाळीनंतर सहा दिवसांनी येणाऱ्या छठचे. जूनच्या कागदांवर पेरणी, चैत्रातल्या कागदांवर जत्रा, आषाढाच्या तोंडावर वारी. पालखी देहू-आळंदीहून हाकेच्या अंतरावरून जाते, मग पाय राहतात थोडेच. तो सुळका म्हणजे निम्म्या महाराष्ट्राचं कॅलेंडर होतं. मी त्याचे चौदा पर्याय पाडले: आजार, लग्नकार्य, शेती वगैरे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांनी यादीतला पहिलाच पर्याय निवडला आणि अख्खा वर्कशॉप आजारी दिसायला लागला. मग ड्रॉपडाउन काढलं आणि मोकळा खाना ठेवला. कारण: आणि पुढे रिकामी जागा.

माझा रजेच्या अर्जाशी संबंध तसा लहानपणापासूनचा. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि त्यांच्या ऑफिसातले निम्मे लोक रजेचा अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. ‘वरील विषयास अनुसरून’ने सुरू होणारं ते वाक्य मला परवचासारखं पाठ होतं: ‘दिनांक अमुक ते तमुक अशी एकूण इतक्या दिवसांची अर्जित रजा, मागील व पुढील सुट्ट्या जोडून, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.’ मुख्यालय सोडण्याची परवानगी म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं. रजेवर असतानासुद्धा गाव सोडायला विचारावं लागतं याचा त्यांना कधी राग आला नाही. महाराष्ट्र नागरी सेवेचे 1981 चे रजा नियम त्यांच्या टेबलाच्या खणात असायचे, जिल्द निघालेले, आणि त्यातलं एक कलम ते गमतीने सगळ्यांना ऐकवायचे: रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही. दुसरी गंमत त्याहून मोठी. वर्षाच्या आठ किरकोळ रजा या नियमांच्या लेखी रजाच नव्हेत. त्या दिवशी माणूस कामावरच आहे असं धरतात. म्हणजे बाबा आमच्याबरोबर अंगणात पापड वाळत घालत असत तेव्हा सरकारदरबारी ते टेबलाशी बसलेले असत.

तर हे बाबा स्वतःच्या अर्जात कारण कायम एकच लिहायचे. ‘खाजगी कामास्तव.’ मावसबहिणीचं लग्न, खाजगी कामास्तव. आईचं ऑपरेशन, खाजगी कामास्तव. ते गेल्यावर कागदपत्रं आवरताना स्थळप्रतींची फाइल सापडली, कार्बनची निळी अक्षरं फिकट होत गेलेली. त्यात आजी गेली त्या आठवड्याचा अर्ज मी मुद्दाम शोधला. दहा दिवसांची अर्जित रजा. खाजगी कामास्तव. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, बाबांना भाषा येत होती, म्हणून त्यांना काहीही न सांगता मागता येत होतं. म्हैस अडलेल्या माणसाला म्हैस सांगावी लागायची. अर्जित रजा दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस जमा व्हायची आणि तीनशेवर थांबायची. त्यापुढे जे साठेल ते वाया. बाबांची शेवटची कित्येक वर्षं अशी काठावरून सांडत गेली. निवृत्त झाल्यावर तीनशे दिवसांचे पैसे एकदम आले आणि त्यातून घराच्या वरच्या मजल्यावरची खोली झाली. त्या खोलीत बसूनच मी भोसरीची सिस्टीम लिहिली.

लिहिताना कळत गेलं की रजेत दिवस मोजणं हीच सगळ्यात निसरडी गोष्ट आहे. पहिल्याच आठवड्यात तक्रार आली: शुक्रवारची रजा टाकली तर सिस्टीम ‘0 दिवस’ म्हणते. दोन रात्री गेल्या. घोळ असा होता की शुक्रवारची मध्यरात्र ब्राउझर जागतिक वेळेत बदलून पाठवत होता, आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिथे अजून गुरुवारची संध्याकाळ साडेसहा. तारीख घसरली गुरुवारवर. गुरुवार भोसरीची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी रजा कसली? शून्य. संगणकाच्या बाजूने बघितलं तर बिनतोड. हे काकांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग आता इंग्लंडच्या वेळेवर सुट्ट्या द्यायच्या का पोरांना?’ तिसऱ्या पाळीचा पेच मात्र त्यांनीच सोडवला. रात्री अकराला आत आलेला माणूस सकाळी सातला बाहेर पडतो. त्याची रजा कोणत्या तारखेची? मी फळ्यावर आकृत्या काढत होते. काका म्हणाले, ‘ज्या तारखेला त्याचा पाय घराबाहेर पडतो, ती तारीख.’ एवढंच. तेव्हाच्या कारखाने अधिनियमातसुद्धा रात्रपाळीवाल्यासाठी वेगळा विचार केलेला होता: त्याची साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग 24 तास. 1948 साली कुणीतरी बसून हा विचार केला, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या कायद्याचा हिशेब काकांना तोंडपाठ होता. वर्षात 240 दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा. (नव्या श्रमसंहितेत तो 240 चा आकडा 180 आहे.) सिस्टीममध्ये जुन्या शिलका चढवायच्या म्हणून मी तीन वर्षांची मस्टरं घेऊन बसले आणि तिथे एक अवघड दुपार आली. 271 दिवस भरलेल्या माणसाला काकांनी 13 रजा लावल्या होत्या. वीसने भागलं तर साडेतेराच्या जरा वर. अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक आला तर तो पूर्ण दिवस धरायचा असं कायद्यातच लिहिलंय, म्हणजे 14. काकांनी वर्षानुवर्षं अपूर्णांक सोडून दिले होते. लबाडीने नव्हे, त्यांच्या आधीच्या टाइमकीपरने तसं शिकवलं म्हणून. एका माणसाचा एक दिवस, असे किती. मी ते हळूच दाखवलं. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, दोनदा भागाकार केला आणि म्हणाले, ‘हं.’ त्या दिवशी ते माझ्याबरोबर चहाला आले नाहीत. म्हणून कुणी जुनं मस्टर आणि जुना माणूस यांच्या आठवणीने हळवं व्हायला लागलं की मला तो अर्धा दिवस आठवतो.

नंतर अडलं ते ‘नाही’पाशी.

मी अर्जाला तीन अवस्था दिल्या होत्या: प्रलंबित, मंजूर, नामंजूर. पहिल्या दोन महिन्यांत नामंजुरी एकही नाही. मी खूश. मग लक्षात आलं की प्रलंबितांचा ढीग वाढतोय. सुपरवायझर लोकांना लाल बटण दाबायचं नव्हतं. पूर्वी पोरगा मशीनपाशी यायचा, मान खाजवत उभा राहायचा, ‘साहेब, बुधवारी गावाकडं जाऊ का?’ आणि साहेब म्हणायचे, ‘बघू.’ या ‘बघू’त सगळं असायचं. चेहरा पाहून पोराला कळायचं की हा होकाराचा बघू आहे की नकाराचा. नकाराचा असेल तर अर्ज कागदावर यायचाच नाही. खरं तर रीतसर मागितलेली आणि नाकारलेली पगारी रजा पुढच्या वर्षी ओढायला तीस दिवसांची मर्यादा लागत नाही, कायदा तेवढा कामगाराच्या बाजूने आहे. पण नाकारल्याचा कागदच नसेल तर काय ओढणार? ‘बघू’ हा मालकांना फुकटात पडणारा नकार होता. आणि तरी मला तो शब्द क्रूर म्हणवत नाही, कारण त्याच ‘बघू’वर कितीतरी पोरं परस्पर गावी जाऊनही आली होती आणि काकांनी मस्टरवर डोळा झाकला होता. सिस्टीममध्ये चौथी अवस्था हवी होती. मी ती दिली नाही.

आता दहा अक्षरांकडे येते. तपासणी विभागात दहा-बारा बायका होत्या. व्हर्नियर घेऊन दिवसभर शाफ्ट मोजायच्या, हातांना तेलाचा काळा रंग कायम. सिस्टीम सुरू झाल्यावर सगळ्यात आधी रुळल्या त्या. आणि त्यांच्या अर्जांत कारणाच्या खान्यात एक टिंब असायचं. नुसतं ‘.’ खाना सक्तीचा होता, रिकामा चालत नव्हता. टिंब चालत होतं. ही युक्ती कुणा एकीने काढली आणि आठवड्यात सगळ्यांची झाली. एकदा कँटीनमध्ये मी विचारलं, तर त्यातली वयाने मोठी होती ती हसली. ‘मॅडम, काकांच्या खिडकीत उभं राहून काय सांगायचं? पोटात दुखतंय? मागं लाइन असती.’ दुसरी म्हणाली, ‘पोटात दुखतंय म्हटलं की ते मान खाली घालायचे आणि आम्ही पण. आता टिंब टाकायचं, सुटलं.’ त्या टेबलावर मला माझ्या कामाचा पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचा अभिमान वाटला.

महिनाअखेरीला एचआरच्या साहेबांनी रिपोर्ट काढला. अर्धं पान टिंबांचं. ‘हे काय आहे? मालकांना काय दाखवू? लोकांना नीट कारण लिहायला लावा.’ मी टिंबांची बाजू मांडली का? मांडली नाही. मांडायची म्हणजे त्या बायकांचं बोलणं मीटिंगमध्ये उघडं करायचं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं, संध्याकाळ झाली होती आणि मला पिंपरीहून लोकल पकडायची होती. किमान अक्षरं: 10. का दहा? गोल आकडा म्हणून. एका ओळीची दुरुस्ती. तीच अट मंजुरी देणाऱ्याच्या शेऱ्यालाही लावली, म्हणजे वेगळा कोड लिहायला नको. सगळं मिळून दोन मिनिटं.

दहा अक्षरं म्हणजे किती हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. नंतर मोजत बसले. आपल्याला दिसतं ते अक्षर आणि संगणक मोजतो ते अक्षर यांत फरक आहे. तो काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं धरतो, आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तही. ‘घरगुती काम’ डोळ्यांना सहा अक्षरं. संगणकाला बरोबर दहा. पास. ‘पोट दुखतंय’ दहा. पास. ‘आजारी आहे’ नऊ. नापास. म्हणजे माझ्या सिस्टीममध्ये माणसाला घरगुती काम असू शकत होतं पण तो आजारी असू शकत नव्हता. ‘पेरणी’ नापास, ‘गावची जत्रा’ पास. हे मी मित्रमंडळीत सांगितलं आणि सगळे खूप हसले. मीही हसले.

तपासणीतल्या बायकांनी एकदिलाने ‘घरगुती काम’ सुरू केलं.

घरी आईच्या कालनिर्णयावर अजून दुधाचे खाडे मांडलेले असतात. तारखेच्या चौकोनात खाली कोपऱ्यात बारीक फुली. दूधवाला आला नाही, फुली. कामाच्या मावशी आल्या नाहीत, गोल. महिन्याच्या शेवटी आई पेनने फुल्या मोजते. त्या पाच-सहा महिन्यांत मी रजेच्या टेबलांत इतकी बुडाले होते की एकदा जेवताना म्हटलं, मावशींच्या गोलांचं काय करतेस? आई म्हणाली, ‘काही नाही. चारच्या वर गेले तर बोलते.’ कारण विचारतेस? ‘कशाला? सांगायचं असेल तर भांडी घासताना सांगतातच.’ हे ऐकायला छान आहे. पण चारच्या वर गेले की ती पैसे कापते, आणि मावशींना वर्षाला किती रजा हे आमच्या घरात कधी ठरलेलं नाही. मी दीडशे माणसांचा हिशेब अपूर्णांकापर्यंत लावून दिला आणि स्वयंपाकघरातल्या त्या गोलांना हात लावला नाही. अजूनही नाही.

चारेक महिन्यांनी मालकांच्या मुलाला नवा रिपोर्ट हवा होता: सात दिवसांहून जास्त लटकलेले अर्ज, सगळ्यात जुना सगळ्यात वर. चाचणीसाठी चालवला. वरून अकरावी ओळ: किरकोळ, 1 दिवस, ‘आई गेली...’, प्रलंबित.

मी त्या ओळीला पाठ झाल्यासारखी ओळखत होते. ती तीन टिंबं मी डायरीत लिहिली होती, दोन मैत्रिणींना सांगितली होती, त्यांच्यावर रात्री विचार केला होता. ‘दिवस: 1’ हीसुद्धा त्याची मागणी होती की त्या खान्यात मी आधीच भरून ठेवलेला आकडा, यावरही केला होता. शेजारचा अवस्थेचा रकाना मात्र एकदाही पाहिला नव्हता. पुढच्या बारा दिवसांची रजा काकांनी ऑफिसातून, त्यांच्या वेगळ्या पानावरून भरली होती. त्या पानाला अटी नव्हत्या. ते बारा दिवस मंजूर. त्याने स्वतः, पहाटे, फोनवरून मागितलेला तेवढा पहिला दिवस लटकलेला, आणि महिना बंद झाल्यावर पगाराच्या प्रोग्रॅमने लटकलेला दिवस गैरहजेरी धरून कापलेला.

शुक्रवारी भोसरीला गेले. सुपरवायझर ओशाळला. ‘मॅडम, मी दोन-तीनदा उघडलं होतं. शेरा मागतंय. मंजूर लिहिलं, घेईना. ठीक आहे लिहिलं, घेईना. मग माझंच मला वाटलं, बरं झालं घेतलं नाही. त्याच्या आईच्या मयतीवर ठीक आहे काय लिहायचं? म्हटलं नंतर काहीतरी बरं सुचेल. राहून गेलं.’ मी त्याच्यासमोरच मोजलं. मंजूर, पाच. ठीक आहे, सात.

काकांनी खणातून मस्टर काढलं. ते बंद करायचं ठरून सहा महिने झाले होते, पण ते पेन्सिलीने चालूच होतं. त्या नावापुढे तेरा चौकोनांत ‘र’, आणि समासात पेन्सिलीनेच एक शब्द: आई. ‘पाठवलं का नाही हे वर?’ मी विचारलं. ‘आता माझं कोण धरतंय,’ काका म्हणाले. सुरात काही नव्हतं, पंख्याचा वेग वाढवावा तसं म्हणाले. दोन्हीकडची दहाची अट मी तिथेच बसून काढली. कारणाचा खाना ऐच्छिक केला, एचआरच्या साहेबांना न विचारता. बंद झालेल्या महिन्याचा अर्ज कुठल्याच पानावरून मंजूर होत नव्हता, म्हणून थेट डेटाबेसमध्ये जाऊन ती एक ओळ बदलली. शेऱ्याचा खाना रिकामा ठेवला.

पुढच्या महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीत त्याला एक ओळ जास्त आली: फरक, 1 दिवस. त्या सकाळी मी सर्व्हर बघायला योगायोगाने टाइम ऑफिसातच होते. पहिल्या पाळीची माणसं येत होती. तो खिडकीशी थांबला, चाळिशीचा, कपाळावर केस नुकते नीट वाढलेले. चिठ्ठी जाळीतून आत सरकवली. ‘काका, हा फरक कसला आलाय?’ काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तारीख सांगितली, चुकून कापला गेला होता म्हणाले. त्याने चिठ्ठी परत घेतली, तारीख मनातल्या मनात लावून पाहिली.

‘मी एकच दिवस टाकला होता?’ तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

‘मग बाकीचे कुणी टाकले?’

काका मस्टरवर वाकले होते. मान वर न करता त्यांनी पेन्सिलीने पंचिंगच्या मशीनकडे बोट केलं. सात वाजायला तीन मिनिटं कमी होती.